गजग्याचं सत्त्व

वहिनीला एकाआड एक दिवस, दुपारी दोनच्या सुमाराला हुडहुडी भरायची. नांदेडच्या एका शाळेत मी तेव्हा सायन्स शिकवायचो. मधल्या सुट्टीनंतरची घंटा बरोबर दोनला व्हायची आणि ती ऐकली की मी खडू खाली ठेवून घराच्या दिशेनं बघायचो. नोकरी संपून आता कितीतरी वर्षं झाली, तरी दुपारी कुठे घंटा वाजली की मी आधी घरातल्या माणसांकडे बघून घेतो. सगळी धडधाकट दिसली की स्वतःचंच हसू येतं. पण भीती आधी येते, हसू मागून.

राज्य निजामाचं होतं आणि जगात लढाई चालू होती. आमचं घर गोदावरीपासून दोन गल्ल्या अलीकडे. दादा तहसिलीत कारकून, मी त्याच्यापेक्षा सात वर्षांनी धाकटा. आई-वडील कधीच गेलेले, म्हणून घर खऱ्या अर्थानं वहिनीचं होतं. ती औश्याकडची, माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या पेटीत सागरगोट्यांची एक पिशवी होती, आणि त्या खेळात तिला हरवेल अशी बाई आमच्या गल्लीत नव्हती. सागरगोट्याला आमच्याकडे गजगा म्हणतात. शिशाच्या रंगाचं, दगडासारखं कडक बी. कुंपणाला काटेरी वेल असतो, त्याच्या शेंगांत सापडतं. फोडलं तर आत पांढरा गर, तो इतका कडू की जीभ तासभर दुसरी चव घेत नाही.

त्या वर्षी नदीचं पाणी ओसरलं आणि मागे डबकी राहिली. आश्विन लागेपर्यंत गल्लीत घरटी एक माणूस अंथरुणाला खिळलेलं होतं. हिवतापाला औषध एकच, कोयनेल. ते यायचं जावाहून आणि जावा जपान्यांनी घेतलेलं. सरकारी दवाखान्यात कंपाउंडर रिकामी बाटली उलटी करून दाखवायचा. आमच्या ओळीतलीच दोन माणसं पंधरा दिवसांत गेली. मग वहिनीला ताप आला.

या तापाचं एक विचित्र होतं. एक दिवस ती मरणाच्या दारात असायची आणि दुसऱ्या दिवशी उठून चूल पेटवायची. मोकळ्या दिवशी चेहरा पिवळा, डोळे खोल, पण थट्टा चालूच. "भावजी, आज मी तुमची, उद्या त्याची," असं म्हणून ती हसायची. मला त्या हसण्याचा राग यायचा. तापाच्या दर पाळीला ती थोडी थोडी कमी होत चालली होती आणि ते तिलाही दिसत होतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक वृद्ध हकीमसाहेब राहायचे. त्यांनी भाजलेल्या गजग्याचं चूर्ण आणि मिरी अशा पुड्या दिल्या होत्या. पहिली पुडी त्यांनी उघडली, चिमूट स्वतःच्या जिभेवर ठेवली, मग बाकीची वहिनीपुढे केली. माझ्याकडे बघून म्हणाले, "दवा देनेवाला पैले अपनी जबान पो रखता, मास्टर. फिर बीमार की." त्यांचा हा नेमच होता. त्या चूर्णानं ताप जरा नरमला, पण सुटला नाही. शेवटी त्यांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं की अजून दोन पाळ्या ही बाई सोसेल, तिसरीचा अल्ला मालिक.

दादा त्याच दिवशी हैदराबादला निघाला. तिथे चोरून कोयनेल मिळतं असं कुणी कुणी सांगत होतं. जाताना त्यानं माझा दंड धरला. "तिला सांभाळ. हकीमसाहेबांना विचारल्याशिवाय काही करू नको." मी मान हलवली. शेजारच्या काकू दिवसा येऊन वहिनीजवळ बसतील, अशी व्यवस्था त्यानं लावून दिली होती.

पण मी होतो हैदराबादेत शिकून आलेला. रसायन मी उर्दूत शिकलो: आम्लाला तेजाब, सत्त्वाला जौहर. आमच्या उस्तादांनी एकदा वर्गात कोयनेलच्या झाडाच्या सालीतून जौहर काढून दाखवला होता. साल कुटायची, तेजाब टाकलेल्या पाण्यात उकळायची, गाळायची, गाळलेल्या पाण्यात चुना कालवायचा, की तळाशी जौहर बसतो. माझ्या डोक्यात आलं, साल कडू आणि गजगाही कडू. हकीम चमचाभर चूर्ण देतात, त्यात औषध थोडं आणि भुसा फार. तोच कडूपणा वेगळा काढून, दाट करून दिला तर? मी खोटं कशाला सांगू, मला वहिनीला वाचवायचं होतंच, पण दादा रिकाम्या हातानं परत येईल आणि मी ओसरीवर पुडी घेऊन उभा असेन, असंही चित्र मी रंगवलं होतं.

हकीमसाहेबांना मी विचारलं नाही.

मोकळ्या दिवशी वहिनीनंच गजगे फोडले. मी कुंपणं धुंडाळून जेमतेम ओंजळभर आणले होते. लोकांनी आधीच वेल ओरबाडून नेले होते. तिनं पेटीतली पिशवी काढली आणि खेळून खेळून गुळगुळीत झालेले आपले सागरगोटे त्यात ओतले.

"ते कशाला?" मी म्हणालो.

"जगले तर दुसरे आणीन. तुमी काढा तुमचं तेजाब-बिजाब." वरवंट्याचा एकेक घाव घालून ती थांबायची, दम घ्यायची. "पण भावजी, आमच्या औश्याला गजगा नुसता भाजून देऊन राहिले, लोक बरे होऊन राहिले. तुमचंच येवढं लांबण का?"

"कारण औश्याला रसायन शिकवत नाहीत," मी म्हणालो. तिनं कपाळाला हात लावला आणि पुढचा गजगा फोडला.

दुसरा दिवस तापाचा. दुपारी दोनला तिचे दात वाजू लागले. काकूंनी तीन वाकळी घातल्या, वर मी माझी घोंगडी घातली, तरी त्या ढिगाखाली खाट खडखडत होती. ती खडखड ऐकत मी परसात चूल मांडली. गंधकाचं तेजाब मी शाळेच्या कपाटातून बाटलीभर आणलं होतं. काचेचं भांडं मात्र शाळेत एकच आणि ते जेमतेम पावशेराचं. म्हणून स्वयंपाकघरात गेलो. चुलीपुढच्या भांड्यांना हात लावायचा मला धीर झाला नाही, काकूंनी घर डोक्यावर घेतलं असतं. वरच्या फळीवर एक पितळेचं मोठं पातेलं पालथं घातलेलं दिसलं. स्वच्छ घासलेलं, कुणाच्या वापरात नसलेलं. मला ते सोयीचं वाटलं आणि मी ते खाली काढलं.

त्यात पाणी, तेजाब आणि कुटलेला गर घालून मी संध्याकाळपर्यंत उकळत ठेवलं. वास उग्र होता. आतून काकू दर थोड्या वेळानं "आली का गं शुद्ध?" असं विचारायच्या आणि वहिनी काहीच बोलायची नाही. मी पळी ढवळत होतो आणि मनाशी म्हणत होतो, ही एक पाळी गेली, आता एकच उरली. भीतीला हाताला काम दिलं की ती गप्प बसते अशी माझी समजूत होती. ती गप्प बसली नाही.

धोतराच्या पदरातून ते पाणी गाळलं, चुनाळ्यातला चुना कालवला आणि तळाशी खरोखरच काहीतरी बसलं. मला ओरडावंसं वाटलं. मोकळ्या दिवशी मी ते ताटलीत घालून माळवदावर उन्हात वाळवलं. वहिनी त्या दिवशी उठलीच नाही. मोकळा दिवस असून ती अंथरुणात होती, हे पहिल्यांदाच घडत होतं. ती उठली असती, वर आली असती, नाहीतर नुसती परसात डोकावली असती, तर पुढचं काही झालं नसतं.

पूड वाळली ती किंचित हिरवट निघाली. मी वरच्या वर्गातल्या मुलांना मोरचूद दाखवत असे, त्याचा निळा-हिरवा रंग तांब्याचा हे फळ्यावर लिहून देत असे. तरी ताटलीत तो रंग बघून मी स्वतःला सांगितलं की गजग्याच्या सालीचा रंग उतरला असेल. माणसाला जे बघायचं नसतं त्यासाठी कारण कधी कमी पडत नाही.

चौथा दिवस उजाडला. हकीमसाहेबांनी सांगितलेली दुसरी पाळी आज होती. शाळेत मी गेलो नाही. ताप चढण्याआधी औषध पोटात गेलं पाहिजे, म्हणून बाराला मी दोन गुंजा पूड तोलून कागदावर घेतली. मग हकीमसाहेबांचा नेम आठवला. बोटाच्या टोकावर थोडीशी घेतली आणि जिभेजवळ नेली. बोट थांबलं. ते धोतराला पुसलं. पुन्हा घेतली, पुन्हा पुसली. तिसऱ्यांदाही तेच. मी धट्टाकट्टा, मला चाखून काय कळणार, असं कारण तेव्हाही तयार होतं. खरं इतकंच की मी घाबरलो होतो. ज्यात काय आहे ते मलाच ठाऊक नव्हतं ते मी माझ्या तोंडात घालायला तयार नव्हतो, आणि तिच्या तोंडात घालायला निघालो होतो.

काकू जेवायला घरी गेल्या होत्या. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. तिनं कागद माझ्या हातातून घेतला, थोडी पूड जिभेवर ठेवली आणि एकदम थांबली. तोंड आवळून माझ्याकडे बघितलं.

"भावजी, हे कळकलंय."

कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं, चिंचेचं सार ठेवलं, की त्याला एक ओंगळ, घसा धरणारी चव येते. पदार्थ कळकला म्हणतात. कुठल्याही घरातल्या कुठल्याही बाईला ती चव ठाऊक असते. मला वाटलं, ही आता औषधालाही स्वयंपाकघराची नावं ठेवायला लागली.

"वहिनी, हे ताक नाही. औषध आहे. औषध कडूच असतं."

"कडू न्हाई म्हणून राहिले मी. कळकलंय म्हणून राहिले. कशात उकळलं तुमी?"

"पातेल्यात! आणि कशात उकळणार?" माझा आवाज चढला. दोनला दीड तास उरला होता आणि ती मला भांड्यांबद्दल विचारत होती. "हैदराबादेत मी चार वर्षं घासली ती काय भांडी घासली? तुम्हाला घ्यायचं नसेल तर नका घेऊ!"

ती माझ्या हातांकडे बघत राहिली. ते कागद परत घ्यायला पुढे आले होते. मग तिनं पाण्याचा तांब्या पुढे ओढला, कागद तोंडात उलटा केला आणि वर घोट घोट पाणी प्यायली. कागदाची नीट घडी करून माझ्या हातात दिली.

पाव तासानं तिला ओकारी सुरू झाली. आधी पाणी, मग पिवळं, मग हिरवं. पोट धरून ती दुमडायची, श्वास घ्यायला वर यायची आणि पुन्हा दुमडायची. मी परात धरून बसलो होतो आणि तोंडानं नुसतं "वहिनी, वहिनी" करत होतो. आणि तिकडे शाळेची घंटा झाली. आमच्या घरापर्यंत ती ऐकू यायची. घंटा थांबायच्या आत तिचे दात वाजू लागले. ओकारी आणि हुडहुडी एकदमच. मला कळलं की ती आता जाते, आणि तापानं जात नाही, माझ्या हातानं जाते. एवढी भीती मला त्याआधी वाटली नव्हती. पुढे रझाकारांच्या दिवसांत रस्त्यात अडवून माझी झडती घेतली गेली, तेव्हाही वाटली नाही. अनवाणी धावत मी गल्लीच्या टोकाला गेलो. काय बोललो ते आठवत नाही, पण हकीमसाहेब जेवणाच्या ताटावरून तसेच उठले.

आल्याबरोबर त्यांनी दूध मागवलं. गल्लीतल्या चार घरांतून दूध आलं आणि ते वाटी वाटी तिच्या घशाखाली उतरवत राहिले. ती ओकायची, ते पुन्हा पाजायचे. जरा थांबलं तेव्हा मला म्हणाले, "क्या दिये?"

मी ताटली दाखवली. त्यांनी पूड तळहातावर चोळली, जिभेला लावली आणि लगेच थुंकली. "बर्तन दिखाओ."

मी परसातून पातेलं आणलं. आतून ते नवीन मोहरेसारखं लखलखत होतं. कल्हईचा एक ठिपका त्यावर नव्हता आणि पितळेचा वरचा थरसुद्धा तेजाबानं खाऊन काढला होता. हकीमसाहेबांनी ते उन्हाकडे धरलं, मग खाली ठेवलं.

"गजगे का नहीं, मास्टर. पतीले का जौहर निकाले तुम."

पातेलं पालथं का होतं, ते तेव्हा मला कळलं. कल्हई उडालेलं भांडं पालथं घालून वर ठेवायचं, म्हणजे त्यात आंबट कुणी करू नये, ही आमच्याकडच्या बायकांची खूण. त्या वर्षी दसरा जवळ आला तरी कल्हईवाला आला नव्हता, कारण त्याला कथील मिळत नव्हतं. कथील मलायाहून यायचं आणि मलायाही जपान्यांनी घेतलेलं. एकाच लढाईनं कोयनेल नेलं आणि पातेल्याची कल्हईही नेली. मी रोज पेपर वाचायचो, मुलांना नकाशावर दोन्ही देश दाखवायचो. वहिनीला नकाशा वाचता येत नव्हता, तिनं नुसतं पातेलं पालथं घातलं होतं.

आणि गजग्याचा कडूपणा? तो तेजाबाच्या पाण्यात उतरतच नाही, स्पिरिटात उतरतो. हे मला दहा वर्षांनी एका पुस्तकात सापडलं. म्हणजे तिचे ते गुळगुळीत सागरगोटे चोथ्यात गेले, आणि तो चोथा मीच उकिरड्यावर टाकला होता.

ती पाळी तिनं सोसली. कशी, ते हकीमसाहेबांनाही सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दादा आला. त्याच्या रुमालाच्या गाठीत कोयनेलच्या बारा गोळ्या होत्या. तिचं तोंड बघून तो दारातच बसला. "हे काय झालं?"

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "ताप डोक्यात चढला. लई उलट्या झाल्या. भावजींनी लई केलं माझं."

हकीमसाहेब तिथेच उभे होते. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि गोळ्या कशा द्यायच्या ते दादाला सांगू लागले. दादा वारला तोपर्यंत मी त्याला खरं सांगितलं नाही.

पुढे निजाम गेला, माझी बदली लातूरला झाली आणि दादाच्या पश्चात वहिनी आमच्याकडे राहायला आली. तिच्या माहेराला, औश्याला, तिथून बसनं तासाभरात जाता यायचं, त्याचं तिला सुख होतं. त्या दिवसाबद्दल आम्ही चाळीस वर्षं एक अक्षर बोललो नाही. फक्त मी कुठलंही औषध आणलं, अगदी खोकल्याची बाटली आणली, तरी ती म्हणायची, "कशात उकळलं?" आणि माझ्या पोरांना कळायचं नाही की ती का हसते.

शेवटच्या वर्षात ती फार थकली. एके दुपारी मी तिच्या उशाशी बसलो होतो. तोवर घरात सगळी स्टीलची भांडी झाली होती आणि कल्हईवाला यायचा कधीच बंद झाला होता. मी विचारलं, "वहिनी, तुम्हाला कळलं होतं. मग घेतलं कशाला?"

तिला कशाबद्दल ते विचारावं लागलं नाही.

"तुमी हट्टी," ती म्हणाली. "मी न्हाई म्हणले असते तर 'बघा, काई होत न्हाई' म्हणून तुमीच ते तोंडात टाकलं असतं. मला ठाऊक न्हाई का तुमी कसे ते? मी तर निघालेच होते. तुमी कशाला? तुमच्या दादांना कोण राहिलं असतं मग?"

मी तिला सांगायला हवं होतं. तीनदा बोट जिभेपर्यंत नेलं होतं आणि तीनदा धोतराला पुसलं होतं. मी ते कधीच खाल्लं नसतं. चाळीस वर्षं ती ज्याला वाचवल्याचं समाधान बाळगून होती, तो माणूस त्या दुपारी घरात नव्हताच. सांगायला मी तोंड उघडलंही, पण मला पुन्हा भीती वाटली, अगदी तशीच.

"खाल्लं असतं ना?" तिनं विचारलं.

"हाव," मी म्हणालो. "खाल्लं असतं."

"मग?" ती म्हणाली, आणि समाधानानं कुशीवर वळून झोपली.